१९८३ साली पॉप संगीतात नेमकं काय बदललं?

प्रश्न असा आहे: "पाश्चात्त्य पॉप संगीताच्या इतिहासात १९८३ हे वर्ष इतकं मोठं का मानतात? केवळ मायकेल जॅक्सनमुळे, की आणखी काही घडलं? मी घरी लॅपटॉपवर गाणी करतो. माझा त्या वर्षाशी काही संबंध आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं. तुम्ही छोट्या कीबोर्डवर एक पट्टी दाबता, लॅपटॉपमधला पियानो वाजतो आणि स्क्रीनवर तो सूर आडव्या रेघेच्या रूपात उमटतो. रेघ उचलून वर नेली की सूर चढतो, लांबवली की सूर लांबतो. ही सगळी व्यवस्था १९८३ ची आहे. तिचं नाव मिडी. त्या वर्षी गाजलेली गाणी आज जुनी वाटतात, पण ही व्यवस्था मात्र तुमच्या टेबलावर अजून रोज राबते आहे. मी आयुष्यभर कीबोर्ड वाजवत आलो, आधी वाद्यवृंदात, मग रेकॉर्डिंगला, पुढे अरेंजर, म्हणजे गाण्यात कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते बांधणारा, म्हणून. त्यामुळे माझं उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूने येणार. माझ्या मते त्या वर्षीची सगळ्यात मोठी घटना कुठल्याही टॉप टेनच्या यादीत नव्हती.

तरीही जॅक्सनला टाळून पुढे जाता येत नाही. त्याचा 'थ्रिलर' हा अल्बम नोव्हेंबर १९८२ च्या अखेरीस बाजारात आला, पण त्याचा खरा धुमाकूळ १९८३ चा. फेब्रुवारीच्या शेवटी तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला आणि पुढच्या वर्षापर्यंत, मधले खंड धरून, एकूण ३७ आठवडे तिथे राहिला. त्यातलं 'बिली जीन' हे गाणं मार्च-एप्रिलमध्ये सात आठवडे अव्वल होतं. एक आठवडा दुसऱ्या गाण्याला मिळाला आणि लगेच 'बीट इट' आलं. २५ मार्चला पॅसाडिनात मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या पंचविशीचा कार्यक्रम चित्रित झाला, तो १६ मे रोजी दूरचित्रवाणीवर दिसला आणि मागे सरकत जाणारी ती 'मूनवॉक'ची पावलं एका रात्रीत घराघरांत पोचली. ती जॅक्सनची स्वतःची नव्हेत, नाचणाऱ्या पोरांमध्ये ती आधीपासून होती. पण ती कुठे, किती क्षण आणि गाण्याच्या कुठल्या जागी टाकायची, हे त्याला कळलं होतं.

'बिली जीन' मी विद्यार्थ्यांना ऐकवतो ते वेगळ्याच कारणासाठी. गाणं सुरू होतं तेव्हा पहिले काही क्षण फक्त ड्रम असतात, आणि तेवढ्यावरून गाणं ओळखू येतं. तो ठेका एनडुगू चॅन्सलर या ड्रमवादकाचा. ध्वनिमुद्रक ब्रूस स्विडीन यांनी त्या ड्रमसाठी खास लाकडी चौथरा केला, मोठ्या ड्रमला गवसणी शिवून घेतली आणि एकेक आवाज सुटा, कोरडा पकडला. पुढे त्यांनी गाण्याचे एकामागून एक ९१ मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवलेल्या आवृत्त्या, केले आणि सगळे ऐकून झाल्यावर वापरला तो दुसरा. ही हकीकत स्विडीन स्वतः सांगत असत. इतका वेळ, इतका पैसा आणि इतकी माणसं एका ठेक्यामागे लावणं तेव्हा फक्त मोठ्या स्टुडिओला शक्य होतं. हा मुद्दा ध्यानात असू द्या, कारण त्याच वर्षी याच्या बरोबर उलट्या टोकाचं काहीतरी जन्माला येत होतं.

मधे एमटीव्हीचं सांगायला हवं. ही वाहिनी १९८१ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. चोवीस तास गाण्यांच्या चित्रफिती दाखवायच्या तर त्या हव्यात आणि अमेरिकन कलाकारांकडे त्या फारशा नव्हत्या. ब्रिटिश कलाकारांनी मात्र त्या आधीपासून केलेल्या होत्या. परिणाम असा की १९८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पहिल्या चाळीस गाण्यांपैकी जवळपास निम्मी ब्रिटिशांची होती. ड्युरान ड्युरान, कल्चर क्लब, युरिदमिक्स ही सगळी नावं अमेरिकेत घरोघरी झाली ती याच वाटेने. दुसरीकडे याच वाहिनीवर काळे कलाकार जवळजवळ दिसत नव्हते. जानेवारी १९८३ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच निवेदकाला मुलाखतीत समोरासमोर विचारलं की इथे काळे कलाकार इतके कमी का. ती मुलाखत उपलब्ध आहे, जरूर पाहा. निवेदक गोलमोल उत्तरं देत राहतो आणि बोवी शांतपणे प्रश्न सोडत नाही. मार्चमध्ये 'बिली जीन'ची चित्रफीत लागू लागली आणि ते दार उघडलं. डिसेंबरच्या २ तारखेला 'थ्रिलर'ची जवळपास चौदा मिनिटांची चित्रफीत आली तेव्हा तीच वाहिनी तिची जाहिरात करत होती. त्या अकरा महिन्यांत काय काय हललं ते यावरून कळतं.

बोवीचा 'लेट्स डान्स' हा अल्बम त्याच वर्षीच्या एप्रिलचा. निर्माता नाइल रॉजर्स. गिटारवर टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन, जो तोवर फारसा कुणाला माहीत नव्हता. नाचायच्या गाण्यावर अस्सल ब्लूजची गिटार ठेवायची कल्पना आज सोपी वाटते. 'पोलीस' या ब्रिटिश बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' जुलैपासून आठ आठवडे अव्वल राहिलं. लोक ते लग्नात प्रेमगीत म्हणून वाजवतात, पण शब्द नीट ऐकले तर पाळत ठेवणाऱ्या माणसाचं गाणं आहे. त्यातली अँडी समर्सची गिटार गिटारवाल्यांनी अवश्य गिरवावी. मॅडोनाचा पहिला अल्बम जुलैतला. गायिका कॅरन कारपेंटर ४ फेब्रुवारीला गेली, अवघी बत्तीस वर्षांची. अन्न टाळण्याच्या आजाराने तिचं हृदय खचलं होतं. त्या आजाराबद्दल लोक उघडपणे बोलू लागले ते तिच्या मृत्यूनंतर. तिच्यासारखा खर्जात रुळलेला, पूर्ण सुरेल आवाज पॉपमध्ये मला पुन्हा क्वचितच ऐकू आला. ब्लूज गायक मडी वॉटर्सही त्याच एप्रिलच्या अखेरीस गेले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

१९८३ च्या आधी सिंथ (विजेवर आवाज घडवणारे कीबोर्ड) होते, ठेका धरणाऱ्या रिदम मशीन होत्या, भरून ठेवलेले सूर आपोआप वाजवणारे सीक्वेन्सरही होते. अडचण अशी की एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलत नसे. प्रत्येकाची तार वेगळी, विजेचा दाब वेगळा, हिशेब वेगळा. मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे' ७ मार्च १९८३ ला आलं. बारा इंची तबकडी, साडेसात मिनिटांचं गाणं, वेष्टन संगणकाच्या फ्लॉपीसारखं. ठेका ओबरहाइम कंपनीच्या रिदम मशीनचा आणि सूर चालवणारा सीक्वेन्सर बर्नार्ड समनरने सुट्या भागांचा संच आणून घरी जोडलेला. त्यात सूर भरायला पडदाही नाही, एकेक पायरी आकड्यांत मोजून टाकायची. ते काम जिलियन गिल्बर्टने केलं. कागदाला कागद चिकटवून लांबलचक पट्टी केली आणि तिच्यावर सगळी रचना लिहून काढली. लिहिताना एक सूर राहून गेला. त्यामुळे ती धून ठेक्याच्या किंचित बाहेर सरकली, आणि त्यांना ती तशीच आवडली म्हणून तशीच ठेवली. गाणं लावून ती धून ठेक्याशी ताडून बघा. सम कुठे पडते ते शोधताना तुम्ही थोडे चक्रावाल आणि गाण्याचा सगळा ताण तिथेच आहे हे कळेल.

हे उदाहरण एवढ्यासाठी की यंत्रं एकमेकांना जोडणं तेव्हा किती कष्टाचं होतं ते दिसावं.

मुंबईत याच सुमारास चरणजित सिंग यांनी काय केलं तेही इथेच सांगतो. हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारा हा वादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ ही रिदम मशीन. त्यांच्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तिन्ही यंत्रं एकाच कंपनीची, म्हणून ती एका लयीत बांधता आली. तबकडी तेव्हा कुणी फारशी घेतली नाही. पुढे शिकागोत १९८७ च्या सुमारास त्याच टीबी-३०३ वर ॲसिड हाउस नावाचं संगीत उभं राहिलं. चरणजित सिंगांची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा तिकडच्या जाणकारांनाही विश्वास बसेना की हे मुंबईत आधीच होऊन गेलं आहे. अंगावर येणारा बुळबुळीत, ओला बेस आणि त्यावर भैरव. आपल्याकडच्या प्रत्येक कीबोर्डवाल्याने हे एकदा ऐकायला हवं.

तर ही वेगवेगळ्या कंपन्यांची भांडणं मिटली कशी? रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ मध्ये टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला. तिथून तो सीक्वेन्शियल सर्किट्स कंपनीच्या डेव्ह स्मिथ यांच्याकडे गेला. स्मिथ यांनी त्याच वर्षी अभियंत्यांच्या परिषदेत एका सामायिक जोडणीचा मसुदा मांडला. यामाहा, कॉर्ग, कावाई या जपानी कंपन्या सामील झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ शेजारी ठेवले, मधे एक तार जोडली आणि एकाची पट्टी दाबली तर दुसरा वाजला. ऑगस्टमध्ये नियमावली छापून आली. महत्त्वाची गोष्ट ही की या नियमावलीवर कुणी मालकी सांगितली नाही, कुणाला पैसे मोजावे लागले नाहीत. जो तो मोकळेपणाने वापरू शकला. हाडवैरी असलेल्या कंपन्यांनी एका मेजावर बसून हे केलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. काकेहाशी आणि स्मिथ यांना यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

ती तार जवळून बघू. दोन्ही टोकांना पाच पिनांचं गोल कनेक्टर, त्यातल्या कामाच्या पिना तीनच. समोरच्या यंत्रात सिग्नल थेट विजेने शिरत नाही. मधे एक छोटा दिवा असतो आणि त्याचा उजेड ओळखणारा भाग असतो, त्यामुळे दोन यंत्रांची वीज एकमेकांत मिसळत नाही आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येत नाही. ज्याने गावोगावच्या मंडपात, जनरेटरच्या विजेवर कार्यक्रम केलेत त्याला या एका गोष्टीची किंमत कळेल. तारेतून आवाज जातच नाही, जाते ती सूचना. अमुक सूर चालू कर, इतक्या जोराने. सूर ० ते १२७ मधला एक आकडा, मधला सा समजा ६०. जोरही ० ते १२७. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर पाठवायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. पण दहा बोटं एकदम पडली तरी तारेतून सूर एकामागून एकच जातात. एकाच तारेवर ड्रम, बेस, मागचे लांबवलेले सूर सगळं लादलं की ठेका ढिला पडल्याचं कानाला जाणवायचं. म्हणून आम्ही ड्रमसाठी वेगळी तार ठेवायचो. तुमच्या लॅपटॉपला ही अडचण येत नाही, पण तो ० ते १२७ चा हिशेब तुम्ही अजून तसाच वापरता. सुधारित मिडी यायला २०२० उजाडलं.

याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला. किंमत १,९९५ डॉलर. आपल्याला तेव्हा ती अचाट होती, त्यावर जबरदस्त आयात शुल्क, पण तिकडे त्या दर्जाच्या डिजिटल यंत्रांच्या मानाने स्वस्त. इथे तो बहुधा परदेश दौऱ्यावर गेलेल्या वादकांच्या सामानातून आला. ज्याच्याकडे डीएक्स-७ त्याला रेकॉर्डिंगचा फोन आधी, असा काळ पुढे मी पाहिला.

त्याच्या आवाजामागचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांचा, १९६७ चा. गायक सूर लांबवताना थोडा कंप देतो, सेकंदाला साधारण सहा वेळा. चाउनिंग यंत्रावर तो कंप वाढवत गेले. सेकंदाला शेकडो वेळा झाला तेव्हा कानाला कंप ऐकू येईनासा झाला आणि त्याजागी वेगळाच नवा आवाज आला, कधी पितळेसारखा, कधी घंटेसारखा. एका लहरीने दुसरीला इतक्या वेगाने हलवायचं, एवढंच तत्त्व. विद्यापीठाने ते यामाहाला दिलं आणि दहा वर्षांच्या खटपटीनंतर डीएक्स-७ झाला. आत सहा लहरी, त्या एकमेकींना जोडायच्या ३२ तऱ्हा, एका वेळी १६ सूर.

पण वरून बघितलं तर यंत्रावर फिरवायला एकही खुंटी नाही. सपाट हिरव्या-तपकिरी बटणांच्या ओळी, दोन ओळींचा इवलासा पडदा आणि आकडा वरखाली करायला एक सरकपट्टी. स्वतःचा आवाज घडवायचा तर शंभराच्या वर आकडे एकेक करून जुळवायचे. कुणाला इतका वेळ? म्हणून जगभर सगळ्यांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले. ऐंशीच्या दशकातली संथ प्रेमगीतं ऐका, तोच काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो, तोच बेस, त्याच घंटा. एका यंत्रामुळे इतक्या देशांतल्या गाण्यांना एकसारखा आवाज येणं, याआधी असं झालं नव्हतं. आज तुम्ही सगळेजण एकाच सॅम्पल पॅकमधले लूप वापरता, त्याची सुरुवात इथे आहे. मला हे खटकतं. आवाज घडवणं हा वादकाच्या कामाचा अर्धा भाग आहे आणि तो आपण हळूहळू सोडून दिला.

आपल्याकडे १९८३ कसं होतं? लोकांच्या आठवणीत पक्कं बसलेलं म्हणजे विश्वचषक. मंडळाकडे खेळाडूंना द्यायला पुरेसे पैसे नव्हते, म्हणून लतादीदींनी दिल्लीत कार्यक्रम केला आणि प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख रुपये मिळाले. त्यासाठी हृदयनाथ मंगेशकरांनी 'भारत विश्वविजेता' ही चाल बांधली होती, शब्द इंदीवर यांचे. चित्रपटांत एकीकडे बप्पी लाहिरींचं 'हिंमतवाला', दुसरीकडे गुलजारांच्या शब्दांना आर. डी. बर्मन यांनी दिलेलं 'मासूम'चं संगीत. पाकिस्तानच्या नाझिया हसनचा 'यंग तरंग' चित्रफितींसह आला. आणि गुलशन कुमार यांनी दिल्लीत टी-सीरिज काढली. मला विचाराल तर आपल्या बाजूने त्या वर्षाची सगळ्यात खोल जाणारी घटना हीच. ध्वनिमुद्रिका महाग, ग्रामोफोन श्रीमंताघरचा, आणि काय छापायचं ते ठरवणारी जवळपास एकच मोठी कंपनी. कॅसेट स्वस्त होती, ती कुठल्याही गल्लीत कॉपी करता येत होती. त्यामुळे कोळीगीतं, भीमगीतं, विठ्ठलाची गाणी, तमाशाचे वग, असं सगळं ज्याला मोठ्या कंपनीत फारशी जागा नव्हती ते एसटी स्टँडवरच्या टपरीवर वाजू लागलं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोचला त्यात कॅसेटचा वाटा फार मोठा. अमेरिकेतही १९८३ मध्येच कॅसेटची विक्री एलपी तबकड्यांच्या पुढे गेली. सीडी जपानबाहेर त्याच वर्षी आली, पण आपल्या घरात यायला तिला आणखी बरीच वर्षं लागली.

मिडी आपल्याकडे आली ती मात्र वेगळ्याच दाराने. रोलंडने १९८५ मध्ये ऑक्टोपॅड काढला, आठ रबरी चौकोन, काठीने वाजवायचे. पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. तो मिडीच्या तारेने दुसऱ्या यंत्राला सांगायचा आणि आवाज तिकडून यायचा. पुढच्या पिढ्यांमध्ये आवाज आतच आले आणि महाराष्ट्रात पॅड वाजवणारा हा नवा कलाकार तयार झाला. जत्रेतला ऑर्केस्ट्रा, गणपतीची मिरवणूक, बँजो पार्टी, सगळीकडे तो दिसतो. या मुलांचे हात मी पाहिलेत. ढोलकीची थाप पॅडवर काढताना ते बोट आणि काठी दोन्ही वापरतात. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांच्या डोक्यात हा उपयोग नसणारच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये वादकांच्या संघटनेच्या लंडन शाखेने मे १९८२ मध्येच सिंथ आणि रिदम मशीनवर बंदीचा ठराव केला होता. तेव्हा लोकांनी त्यांना मागासलेले ठरवलं. मुंबईत पुढे काय झालं ते मी जवळून पाहिलं. हिंदी गाण्यांच्या त्या भरघोस व्हायोलिनमागे गोव्याच्या वादकांची पिढीजात तालीम होती. चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकलेले, कागद समोर ठेवला की पहिल्या वाचनात वाजवणारे. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे अरेंजर त्याच मातीतले. कीबोर्डवर व्हायोलिनचा आवाज मिळू लागला, आधी चाळीस वादक वीस झाले, मग आठ, मग एकच कीबोर्डवाला. हातात कला असलेली माणसं घरी बसली. त्या कीबोर्डवाल्यांमध्ये मीही होतो, मला कामं त्यामुळेच मिळाली. म्हणून मिडीबद्दल बोलताना मी नुसता गौरव करू शकत नाही.

आणखी एक खोट संगीताची आहे. मिडीने सूर म्हणजे पट्टी असं धरलं. चालू आणि बंद. मधलं काही हवं असेल तर कीबोर्डच्या बाजूचं चाक फिरवा, आणि ते चाक त्या चॅनलवरचे सगळे सूर एकदम सरकवतं. आपल्याला मींड हवी, गमक हवी, कोमल गंधार दरबारीत वेगळा आणि भीमपलासीत वेगळा हवा. हीच तक्रार आपण पेटीबद्दल केली होती. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दार बंद ठेवलं ते याच कारणाने. तरी पेटीवाल्यांनी गाण्याच्या संगतीची वाट काढलीच. मिडीवरही काढता येते. बोलतानाची, आलापीची जागा माणसाला द्यावी, बासरी, सारंगी, गळा. बांधीव भाग यंत्राला द्यावा. जिथे ठुमरीची लग्गी आहे, लय पुढेमागे श्वास घेते, तिथे क्लिक, म्हणजे यंत्राची ठरावीक टकटक, बंद करून तबलजीला मोकळं सोडावं आणि यंत्राने त्याच्यामागे जावं. हे कष्टाचं आहे, पण होतं.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये त्याच १९८३ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने 'सकर एमसीज्' केलं. मागे वादकांचा ताफा नाही, फक्त रिदम मशीन आणि दोन तरुण आवाज. हर्बी हॅनकॉकसारख्या मुरलेल्या जॅझ पियानोवादकाने 'रॉकिट'मध्ये तबकडी हाताने मागेपुढे घासण्याचा आवाज गाण्याच्या मध्यभागी ठेवला. युरिदमिक्सचं 'स्वीट ड्रीम्स' लंडनमध्ये फोटो फ्रेमच्या कारखान्यावरच्या खोलीत, आठ ट्रॅकच्या यंत्रावर झालं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अव्वल ठरलं. वर ज्या उलट्या टोकाबद्दल म्हटलं ते हेच. ९१ मिक्सचा स्टुडिओ आणि माळ्यावरची खोली एकाच वर्षी एकाच यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. रोलंडने टीआर-८०८ त्याच वर्षी बंद केली. मग ती सेकंडहँड दुकानांत स्वस्तात मिळू लागली, ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या मुलांच्या हाती लागली, आणि आज हिप-हॉपमध्ये जो छातीत धडधडणारा खर्ज ऐकता तो तिचाच.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. 'बिली जीन', 'ब्लू मंडे', 'स्वीट ड्रीम्स' आणि 'सकर एमसीज्' ही चार गाणी याच क्रमाने, हेडफोनवर, फक्त ठेक्याकडे लक्ष देऊन ऐका. हाताने वाजवलेला ठेका कुठे आहे आणि यंत्राचा कुठे, हे लिहून काढा. मग डेक्स्ड नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, ते डीएक्स-७ ची हुबेहूब नक्कल आहे. त्यात मूळ यंत्राचा पहिला इलेक्ट्रिक पियानो उघडा. सहा लहरी तीन जोड्यांत लावलेल्या दिसतील. तिसरी ते सहावी बंद करा, पहिली आणि दुसरी ठेवा. दुसरीचं प्रमाण १४ आहे, म्हणजे ती मूळ सुराच्या चौदा पट वेगाने हलते आणि क्षणात विरते. पियानोच्या आघाताला येणारा तो टणत्कार तिचा. पट्टी हळू दाबली तर तो जवळजवळ नाहीसा होतो, जोरात दाबली तर उसळतो. आता १४ च्या जागी ३.५ घाला, आवाज घंटेकडे झुकेल. २ घाला, ३ घाला, ऐकत राहा. जो आवाज आवडेल तो स्वतःच्या नावाने साठवा आणि पुढच्या गाण्यात तोच वापरा.